सोवळी मोटार

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी मंडळींनी स्मरणिका काढायची ठरवली आहे. तिच्यात दामोदरशास्त्र्यांवर मी लिहावं म्हणून दोघे जण घरी येऊन गेले. "तुम्ही त्यांच्या घरातल्या, काकू. चार हृद्य आठवणी द्या ना," म्हणाले. आठवणी पुष्कळ आहेत. त्यांतली हृद्य एकही नाही. तरी लिहिते. छापायचं की नाही ते त्यांचं त्यांनी बघावं.

दामोदरशास्त्री हे माझ्या यजमानांचे सख्खे मामा. ह्यांचे आईवडील लहानपणीच गेले. मामांनी ह्यांना आणलं, मुंज केली, वेद शिकवला. हे मी आधीच सांगून मोकळी होते, कारण मामांच्या तोंडून ते एकदा ऐकल्याशिवाय आमच्या घरात कुणाचं जेवण पुरं होत नसे. आमटी खारट झाली तरी विषय फिरून तिथेच यायचा. "आईविना पोर, मी वाढवला," असं ते ह्यांच्यासमोर, पाहुण्यांसमोर, भाजीवाल्यासमोरसुद्धा म्हणत. आणि हे मान खाली घालून भात कालवत राहायचे.

मामा उंच, सडसडीत, गोरेपान. धोतराचा सोगा हातात धरून, अंग चोरून गल्लीतून चालायचे, जणू सगळी काशी त्यांना शिवायला टपलेली आहे. दिवसातून किती आंघोळी करत ते गंगेलाच ठाऊक. आवाज मात्र, खोटं कशाला बोलू, असा होता की पहाटे घाटावर ते मुलांना संथा द्यायला बसले की नावाडी वल्ही थांबवत. गुरूने एकदा म्हणायचं आणि शिष्यांनी ते दोनदा म्हणायचं, अशी ती संथा. मामा एकदा म्हणत आणि पोरं दोनदा ओरडत. ते ऐकत मी चूल पेटवायची, आणि हा माणूस बोलायचं थांबून नुसता म्हणतच राहिला तर किती बरं होईल, असं मनात यायचं.

लोक त्यांच्याकडे निर्णय विचारायला येत. उंदराने श्राद्धाच्या तांदळाला तोंड लावलं, समुद्र ओलांडून आलेल्या पुतण्याला पंगतीला बसवायचं आहे, असले प्रश्न. मामा जानवं चिमटीत धरत, डोळे मिटत आणि दोनांतलं एक सांगत: "वाट आहे," किंवा "वाट नाही." शास्त्रातली वाट. त्यावर वाद नाही. लग्न होऊन मला फार दिवस झाले नव्हते तेव्हाच माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. जिकडे मामांना स्वतःला जायचं असे, तिकडे वाट हमखास सापडायची.

आमच्या घरी देशावरचे आणि कोकणातले यात्रेकरू उतरत. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी करायला ही मंडळी यायची. आगगाडीची दगदग नको म्हणून लढाईच्या आधी मामांनी एक जुनी मोटारबस घेतली. ह्यांचं मंत्रांपेक्षा यंत्रांवर प्रेम, तेव्हा चालवायला हे. मोटार गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं. ती मैदागिनजवळच्या एका पडक्या तबेल्यात ठेवत. मामांनी आल्या आल्या तिच्या कातड्याच्या गाद्या उचकटून टाकल्या आणि फळ्यांवर चटया अंथरल्या. चालवणाऱ्याने आंघोळ करूनच चाकाला हात लावायचा. आणि प्रत्येक फेरीआधी मामा पंचपात्रीतलं एक पळी गंगाजल मंत्र म्हणून पेट्रोलच्या टाकीत सोडायचे. साऱ्या गल्लीने तिला सोवळी मोटार नाव पाडलं.

"मामा टाकीत पाणी घालतात, त्याने काही होत नाही का हो?" मी ह्यांना विचारलं होतं.

"पळीभर पाणी तळाशी जाऊन बसतं. मी अधूनमधून काढून टाकतो," हे हसून म्हणाले. "त्यांना समाधान, गाडीला त्रास नाही. तू गप बस, कमळ."

खोलीत दार लावल्यावर हे मला कमळ म्हणत. बाहेर आमच्या घरात त्या नावाला बंदी होती. बाहेर मी सूनबाई. आणि ह्यांचं नाव मी घ्यायचा तर प्रश्नच नव्हता.

मग ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडून येणारं तेल बंद झालं. पेट्रोल कुपनावर मिळू लागलं. मोटारी जागच्या जागी गंजायला लागल्या. पुढे एके दिवशी पंपावरचा माणूस ह्यांना म्हणाला, "पंडितजी, अब खालिस तेल भूल जाइए. चीनी मिल के शीरे की स्पिरिट मिली है इसमें." आपल्या पूर्वेकडच्या साखर कारखान्यांतून मळी वाहून जायची, तिचा मद्यार्क काढून पेट्रोलमध्ये मिसळायचा हुकूम निघाला होता. बाहेरचं तेल आटलं तर घरच्या उसावर रस्ते चालू राहतील, हा हिशेब. मला तर तो शहाणपणाचा वाटला.

मामांना ते कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास त्यांनी खाली ठेवला.

"म्हणजे दारू?"

"प्यायची नव्हे, मामा. जाळायची," हे म्हणाले.

"दारू ती दारू. पिंडदानाला निघालेली माणसं मी दारू प्यायलेल्या गाडीतून नेऊ? वाट नाही."

पण यात्रेकरू दारात बसलेले. साताऱ्याकडची मंडळी, प्रयागला जायचं. शेवटी मामांनी प्रायश्चित्त काढलं. एवढं मोठं अशुद्ध तेल पळीभर गंगेने कसं शुद्ध होणार? म्हणून त्या थंडीतल्या सकाळी त्यांनी टाकीत काठोकाठ भरलेला गडू ओतला. हे "मामा, अहो मामा" म्हणत राहिले, पण मंत्र चालू असताना मामा कुणाचं ऐकत नसत.

गोपीगंजच्या अलीकडे गाडी आचके देऊन बंद पडली. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये सोवळी मोटार. ह्यांनी टाकीतलं तेल एका काचेच्या बाटलीत काढलं, तर त्याचे दोन थर झालेले: वर पेट्रोल आणि खाली पाण्यासारखं काहीतरी. ह्यांना उमगलं. स्पिरिट पाण्याला ओढून घेतं. एवढं पाणी मिळताच पेट्रोल सोडून ते पाण्याच्या गळ्यात पडलं आणि दोघं मिळून तळाशी बसले. पेट्रोल, स्पिरिट दोन्ही चांगलं होतं. घोटाळा गडूचा होता.

हे तसं सांगणार, इतक्यात मामांनी बाटली हातातून घेतली आणि उन्हात धरली. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा, बघा सगळे. गंगेने मद्य वेगळं काढलं."

यात्रेकरूंनी तिथल्या तिथे हात जोडले. मामांनी ती बाटली घरी आणली, राजा घाटावरच्या विद्वानांच्या सभेत नेली, भोसले घाटावर कुणाकुणाला दाखवली, आणि शेवटी आमच्या देवघरात शाळिग्रामाशेजारी ठेवली. आपल्या हाताने केलेली चूक असा प्रसाद म्हणून मिरवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ह्यांनी एकदा धीर करून खरं कारण सांगायचा प्रयत्न केला. मामा म्हणाले, "मी वाढवला तुला, आणि तू मला गंगा शिकवतोस?" तो विषय तिथे संपला.

त्यानंतर मामांनी पेट्रोल वर्ज्य केलं आणि मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसचं पिंप बसवून घेतलं. तेव्हा बऱ्याच गाड्यांना अशी पिंपं लागली होती. पिंपात कोळसा पेटवायचा, हाताने पंखा फिरवत बसायचं, त्यातून गॅस निघाला की तो गाळून इंजिनात सोडायचा. धूर फारसा नाही, वास फारसा नाही, आणि गाडी चढावर म्हातारीसारखी धापा टाकणार. मामा मात्र खूश. कलेक्टरसाहेबांच्या माणसासमोर ते म्हणत, सरकारचं तेल मी लढाईसाठी वाचवतो. तोच माणूस गेला की खादीवाल्यांना सांगत, परक्याच्या तेलावर ज्याची गाडी चालते तो गुलामच. माझी बघा, स्वदेशी लाकडावर चालते. दोन्हीकडे टाळ्या.

पुढे कोळसाही मिळेना. अख्खं शहर चुली आणि मोटारी त्याच्यावरच चालवत होतं. तरी आमच्या घाटाला एक नाव यायची आणि पोती उतरायची. तो कोळसा फोडून, चाळून, भुगा काढायचं काम आम्हा बायकांकडे होतं. निम्मा नुसता करपलेला ओंडका. ना लाकूड, ना कोळसा. एक दिवस माझ्या चाळणीत काहीतरी खणखणलं. काळं पडलेलं, वेडंवाकडं झालेलं चांदीचं जोडवं.

सवाष्णीच्या पायातलं. आमच्या घाटापासून मणिकर्णिका किती लांब आहे? विझलेल्या चितांचा कोळसा तिथे प्रेतं जाळणारे डोम लोक गोळा करून विकतात, हे काशीत कुणाला ठाऊक नाही? डोमाची सावली पडली तर आंघोळ करणारा माणूस चितेचे कोळसे आणून घरच्या सुनांकडून फोडून घेत होता.

मी ते जोडवं तसंच नेऊन मामांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, जानवं चिमटीत धरलं.

"वाट आहे, सूनबाई. अग्नीतून गेलेलं सगळं शुद्ध. अग्नीला विटाळ नाही."

"मग स्पिरिट तरी कुठे जातं, मामा? इंजिनात अग्नीतच ना?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहून बोलायची ती त्यांची पहिलीच वेळ असावी. "बायकांनी शास्त्रात तोंड घालू नये," म्हणाले आणि उठून आंघोळीला गेले. ते जोडवं मी गंगेत सोडलं. कुणाचं होतं देव जाणे, पण त्या बाईचं तेवढं मी केलं.

मला राग आला तो विटाळाचा नव्हे. तो अर्धाकच्चा कोळसा डांबर सोडायचा, त्याने गॅस गाळायची चाळण तुंबायची, आणि ती साफ करायला ह्यांना रस्त्यात पुन्हा पुन्हा पिंपात डोकं घालावं लागायचं. घरी आले की भिंतीला टेकून बसत. डोकं ठणकायचं, अन्न वर यायचं, चेहरा लालबुंद. लोक म्हणत, काय तेज आलंय. एकदा हे जिना चढून आले आणि दारात उभे राहून मला म्हणाले, "मी वर कशाला आलो होतो, कमळ?" त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. ह्या माणसावाचून मला त्या घरात कुणी नव्हतं. मला पैसा नको होता, मान नको होता. ह्यांना त्या पिंपापासून दूर करायचं होतं, बस्स.

मी मामांपुढे पदर पसरला. शब्दशः पसरला. "त्यांना दुसरं काही करू द्या, मामा. नाहीतर कुपनावरचं तेल घ्या. डोकं फुटायची पाळी येते हो त्यांच्यावर."

मामा हसले. मायेनेच हसले, तेच मला जास्त झोंबलं. "धुराने डोकं दुखतं म्हणतेस? अगं, आमच्या पिढ्यान् पिढ्या होमाच्या धुरात बसल्या. डोळे चुरचुरतात, डोकं जड होतं. सवय होते. हा माझ्या हाताखाली लहानपणापासून होमाशी बसलेला आहे."

"हा धूर दिसतसुद्धा नाही, मामा."

"जो दिसत नाही तो धूर कसला?" म्हणाले. मग मेहेरबानी केल्यासारखं, "बरं. संक्रांतीची प्रयागची फेरी होऊ दे. मग बघू दुसरा ड्रायव्हर."

त्या एका वाक्यावर मी संक्रांतीपर्यंत जगले.

संक्रांतीच्या फेरीला मीही जाणार होते. पहाट सरली होती, कडाक्याची थंडी, तबेल्याबाहेर आम्ही यात्रेकरूंसह गाठोडी घेऊन उभे. आत हे पंखा फिरवत होते आणि मामा मोटारीची पूजा करत होते. रस्त्यावर झाडूवाले झाडत होते, त्यांची नजर पूजेवर पडू नये म्हणून मामांनी दार लावायला सांगितलं. "मामा, थोडं उघडं राहू द्या," हा ह्यांचा आवाज मी बाहेरून स्वतः ऐकला. मग आतून अडसर पडल्याचा आवाज आला.

मामांची घंटी वाजत होती. मंत्र ऐकू येत होते, तोच सुरेख आवाज. मग मंत्र अडखळला. मग घंटी थांबली. यात्रेतल्या एक आजी म्हणाल्या, "ध्यान लागलं वाटतं." मी दाराला धडक दिली. दोघा-तिघा पुरुषांनी फळी तोडली तेव्हा मामा उंबऱ्याशी पडलेले होते, तोंड दाराच्या फटीला. हे त्यांच्यामागे, आतल्या बाजूला. मामांच्या उपरण्याचं टोक ह्यांच्या मुठीत होतं. मामांना ओढत दारापर्यंत आणलं होतं ह्यांनी, पण अडसर उचलायचं बळ उरलं नव्हतं. फटीतून येत होती तेवढी हवा मामांना मिळाली.

मामा दुपारपर्यंत उठून बसले. संध्याकाळी लोक पायावर डोकं ठेवायला येत होते, आणि मामा सांगत होते, "प्रथम नाद ऐकू आला. मग देहाचं भान गेलं. समाधी म्हणतात ती हीच." मी आतल्या खोलीत ह्यांच्या उशाशी बसून ते ऐकत होते. त्या क्षणी ह्या माणसाला मरण का आलं नाही, असं मला वाटलं. आज इतक्या वर्षांनीही ते वाटणं मी मागे घेत नाही.

हे दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. चहा मागितला. मला कमळ म्हणाले. वाटलं, सुटलो. काही आठवडे बरे गेले, आणि मग एकेक गोष्ट गळायला लागली. आधी शब्द, मग रस्ते, मग माणसं. उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत राहायचा, पंखा फिरवल्यासारखा. बंगाली डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, कोळशाच्या गॅसने डोक्याला इजा केली आहे. कधीकधी ती अशी मागाहून दिसते. मामा म्हणाले, प्रारब्ध.

लढाई संपली, तेल आलं, मोटार मामांनी विकून टाकली. आणि ह्यांना रोज सकाळी हात धरून घाटावर नेऊ लागले. "मीच शिकवला होता, मीच परत शिकवीन," म्हणत. ह्या गोष्टीने साऱ्या ब्रह्मा घाटाचे डोळे पाणावत. स्मरणिकेवाल्यांना बहुधा हीच आठवण हवी आहे. म्हातारा मामा, वेडसर भाचा, समोर गंगा. तर घ्या, मी बघितलं ते सांगते.

एकदा मी ह्यांचं कोरडं धोतर घेऊन पायऱ्या उतरत होते. मामा ह्यांना समोर बसवून संथा देत होते. वेदाची नव्हे, माणसांची.

"तू विनायक," मामा म्हणाले.

"विनायक. विनायक," हे म्हणाले.

"मी मामा."

"मामा. मामा."

मग मामांना मी दिसले. बोट करून त्यांनी विचारलं, "ही कोण?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही, पण पाठ केलेलं तयार होतं. "मामांची सूनबाई. मामांची सूनबाई."

माझ्या हातातलं धोतर पायरीवर पडलं. मी म्हटलं, "मामा, त्यांना माझं नाव शिकवा."

"नवऱ्याने चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं?" मामांनी जानवं चिमटीत धरलंसुद्धा नाही. "आपल्यात रीत नाही. वाट नाही."

आजूबाजूला त्यांचे विद्यार्थी होते, नावाडी होते, स्नानाला आलेल्या बायका होत्या. मी ह्यांच्या समोरच्या पायरीवर, मामांच्या आणि ह्यांच्या मध्ये बसले. आणि जे नाव त्या घरात आल्यापासून मी उखाण्याखेरीज ओठांवर येऊ दिलं नव्हतं ते मोठ्याने घेतलं.

"विनायक. मी कमळ. म्हणा, कमळ."

पोरांचा घोष थांबला. एका बाईने तोंडाला पदर लावला.

"कमळ," हे म्हणाले. "कमळ."

दोनदाच, संथेत म्हणतात तसं.

मामा उठले. त्यांनी गडू उचलला आणि कानावर पडलेलं ते नाव धुवायला पायऱ्या उतरून निघाले. ताठ पाठ, हातात धोतराचा सोगा, कुणाला न शिवता. त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले, पण मी त्यांच्याकडे पुन्हा कधी नीट पाहिलं नाही, त्यामुळे माझ्यापुरते ते तेच शेवटचे.

मी ह्यांचा फिरणारा हात धरून थांबवला आणि विचारलं, "सांगा, मी कोण?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. मामा कंबरभर पाण्यात पाठमोरे उभे होते, आणि त्यांनी वळून उत्तर सांगावं म्हणून हे थांबले होते. मामांनी नाक धरलं आणि बुडी मारली.